फ्यूज निळाच होता

सोमवार, ६ ऑक्टोबर

आजपासून रोज लिहिणार. घरात सगळे माझ्याविरुद्ध तोंडी बोलतात. माझ्याकडे लेखी असलेलं बरं.

घटना अशी. गेल्या मंगळवारी नातीला पोहण्याच्या क्लासहून आणून सोडताना लेकीच्या गेटचा खांब गाडीला लागला. खांब गाडीला लागला, गाडी खांबाला नाही. तो गेटच्या ओळीपेक्षा चार बोटं पुढे आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन टेपने मोजला. पण लेक म्हणाली, आई, आता अंधार पडल्यावर तू गाडी चालवायची नाहीस. जावई म्हणाले, एकदा डोळे तपासून घ्या ना. मला! वजनमाप खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते मी. तराजूच्या काट्याचा केसभर कल मला दुकानाच्या पायरीवरून दिसायचा.

परिणाम असा की मंगळवारी आणि शुक्रवारी नातीला आता जावई आणणार. माणूस चांगला आहे. पण क्लास सुटतो सातला आणि स्वारी उगवते सात-दहाला. पोर ओल्या केसांनी पायरीवर बसून राहते. वर्षभरात मी एकदाही उशीर केलेला नाही. शिवाय त्या वीस मिनिटांच्या रस्त्यात ती मागच्या सीटवरून अखंड बडबडते: कोण कुणाशी बोलत नाही, पाण्याखाली किती आकडे मोजले, मास्तर स्वतः पाण्यात का उतरत नाहीत. जावई गाडीत बातम्या लावतात.

निदान: डोळे नव्हे, हेडलाइट. गाडीचे दिवे मंद आहेत. गेल्या वर्षभरात हळूहळू मंद होत गेलेत, हे मी रोज पाहत आले आहे.

उपाय: पुढे दोन जादा दिवे. स्वतः बसवणार.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दिवे आणले. पंचावन्न वॅटचे दोन. पेट्रोल पंपामागे एक बॅटरीवाला आहे, गाड्यांची वायरिंगही करतो. म्हणाला, बसवून देतो मॅडम, अर्ध्या तासाचं काम. म्हटलं, मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स. म्हणाला, मग वायर जाड घ्या. त्यातला 'मग' मला आवडला नाही.

फ्यूजचं गणित तिथेच काउंटरवर करून दाखवलं. दोन दिव्यांचे मिळून एकशे दहा वॅट, भागिले बॅटरीचे बारा व्होल्ट. नऊ पूर्णांक सतरा अँपिअर. फ्यूज दहाचा. विषय संपला. तर म्हणतो, इंजिन चालू असताना बारा नसतात, चौदाच्या आसपास जातात, आणि शिवाय सव्वापट धरायचं असतं. पंधराचा न्या.

सव्वापट! लोकांची सव्वापट पकडण्यात माझी उभी नोकरी गेली. दहाचेच तीन घेतले. वायर घेतली नाही. माळ्यावर दाराच्या बेलची पडून आहे, नव्यासारखी.

हे म्हणाले, अगं, ती बेलची आहे. म्हटलं, वीज ती वीज. ती बेलमध्ये चालली आहे की दिव्यात, हे तिला कोण सांगणार? ह्यांना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे गाडीबद्दल मतं फार.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दिवे बसले. अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागले, कारण मी ते नीट केलं. स्क्रू तीन उरले. कंपन्या जास्तीचे देतात.

संध्याकाळी सव्वासहाला बटण दाबलं. समोरची भिंत पांढरीफटक. शेजाऱ्यांच्या गेटवर मांजर बसलं होतं, इतका झोत तोंडावर येऊनही जागचं हललं नाही. हे म्हणाले, ती पिशवी आहे. हलली नाही म्हणजे दिव्याचा झोत कुणालाही त्रास देत नाही, एवढाच माझा मुद्दा होता.

सात मिनिटांनी दिवे गेले. फ्यूज उडालेला.

सदोष माल.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दुसरा फ्यूज: नऊ मिनिटं. तिसरा: चार.

दहाचा फ्यूज कामचुकार असतो. नऊ अँपिअरचं काम दिलं की दहाच्याने धापा टाकत का होईना, करायला हवं. आमच्या खात्यात असे होते दोघं-तिघं. जरा फायलींचा ढीग वाढला की आजारी.

सात वाजून आठ मिनिटांनी लेकीकडे फोन केला. सहज. जावई अजून रस्त्यातच होते. मी काही बोलले नाही. फक्त किती वाजले ते विचारलं. दोनदा.

शनिवार, ११ ऑक्टोबर

बॅटरीवाल्याकडे जाऊन तीनही मेलेले फ्यूज काउंटरवर ठेवले. तो हसला नाही, पण हसू गिळताना मला स्पष्ट दिसला. (डोळे खराब म्हणे!)

म्हणाला, मॅडम, दहाचा टिकणारच नव्हता, पंधराच लागेल. पण आधी वायर कोणती लावली ते सांगा. म्हटलं, चांगली. म्हणाला, किती जाड? म्हटलं, पुरेशी. म्हणाला, गाडी आणा, बघतो. म्हटलं, बघू. मग त्याने कोपर टेकवून प्रवचन सुरू केलं. म्हणे फ्यूज दिव्यासाठी नसतोच, वायरसाठी असतो. वायर तापायच्या आत त्याने मरायचं, हीच त्याची नोकरी. तुम्ही बारीक वायरीला मोठा फ्यूज दिलात तर फ्यूज जगेल आणि वायर जळेल.

पुस्तकात हे असंच आहे. फक्त कोपर टेकवून सांगितलं की खरं वाटत नाही.

पंधराचा घ्यायचं मी सकाळीच ठरवलं होतं, त्याच्या सांगण्याचा काही संबंध नाही. सगळ्या आकारांची मिसळ असलेली डबीच घेतली. त्याने बोटांवर मोजून दाखवलं: लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. निळा टाका, म्हणाला, पण वायर बदलल्याशिवाय टाकू नका.

सल्ला अर्धाच घेतलेला बरा. पूर्ण घेतला की माणूस डोक्यावर बसतो.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी ३

डबीतून निळा निवडून लावला. वर आकडा छापलाय म्हणे. इतका बारीक की मी नोकरीत असते तर सबंध डबी जप्त केली असती. हे झोपले होते. उठवलं नाही. निळा रंग ओळखायला दोन माणसं लागत नाहीत.

रविवार, संध्याकाळी ७

अर्धा तास! सलग अर्धा तास दिवे चालू, फ्यूज जागचा हलला नाही. दहा आणि पंधरा यांत एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. माणसांसारखंच आहे. एखादा पंधराचा भेटला की समजतं आपण इतके दिवस कुणावर विसंबून होतो.

जरासा वास आला. हे म्हणाले, जळकट. नव्या वस्तूला वास येतोच. नव्या बुटांनाही येतो, आपण ते फेकत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

लेकीला फोन. म्हटलं, दिव्यांचा दोष दूर केलाय, उद्यापासून नातीला मी आणणार. ती म्हणाली, आई, दिव्यांचा दोष नव्हताच. म्हटलं, परीक्षा घे. तिला ती अपेक्षा नसावी. मग म्हणाली, ठीक आहे, शुक्रवारी संध्याकाळी घरून निघ आणि सात वाजता स्विमिंग पूलवर पोच. पण एकटीने. बाबा गाडीत नकोत.

म्हटलं, बाबा का नकोत? म्हणाली, बाबा गाडीत बोलतात म्हणून.

अगदी माझ्या मनातलं बोलली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, गाडीत बसल्यावर ह्यांचं तोंड मिटत नाही.

पोचले तर मंगळवार-शुक्रवार परत माझे. नाही पोचले तर डोळ्यांचा डॉक्टर, आणि गाडीची किल्ली जावयांकडे. दोन्ही अटी मान्य केल्या. दुसरी लागू होणार नसल्याने मान्य करायला त्रास झाला नाही.

हे ऐकत होते. पेपर उलटा धरला होता म्हटलं तरी चालेल, इतकं त्यांचं पेपरात लक्ष नव्हतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

रंगीत तालीम. पूलपर्यंत आणि परत, अंधारात, सगळे दिवे लावून. हे हट्टाने बरोबर आले. आणि बडबड सुरू. डावीकडे सायकल आहे बरं का. पुढचा ट्रक थांबलाय वाटतं. आता सिग्नल लाल झाला, काय मोठा सिग्नल आहे नाही? हा आला स्पीडब्रेकर. एक बाई रस्ता ओलांडतेय, निळी साडी छान आहे.

म्हटलं, अहो, मला दिसतंय सगळं. म्हणाले, हो हो, मी आपलं माझ्यासाठी बोलतोय.

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीने दिव्यांची उघडझाप केली. एकाने काच खाली करून काहीतरी ओरडून सांगितलं, हातवारेही केले. इतका प्रकाश लोकांनी पाहिलेला नसतो.

तालीम यशस्वी. परत आल्यावर हे दोन ग्लास पाणी प्यायले. बोलून बोलून घसा सुकणारच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.४०

तयार. काचा पुसल्या. दिवे तपासले. निळा फ्यूज आपल्या जागी. मागच्या सीटवर कोरडा टॉवेल, कारण जावई टॉवेल विसरतात.

हे दारात उभे आहेत. मी येऊ का, म्हणाले. तिसऱ्यांदा. म्हटलं, अट आहे. म्हणाले, मग फोन चालू ठेव. म्हटलं, गाडी चालवताना मी फोनवर बोलत नाही. म्हणाले, बोलू नकोस, मीच बोलेन.

निघते.

शुक्रवार, रात्री ८.१५

नेमकं लिहायचं ठरवलं आहे.

सहा-दहाला निघाले. पहिले दोन चौक उत्तम. रस्ता दिवसासारखा. तिसऱ्या चौकाआधी वास. मग बॉनेटच्या फटीतून धूर. मग दोन्ही दिवे एकदम गेले. गाडी कडेला घेतली. म्हणजे जी कड वाटली तिकडे. इंजिन बंद करून उतरले. बॉनेट उघडलं तर बेलची वायर टोकापासून टोकापर्यंत काळी, वरचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं, आत तांबं उघडं. पाण्याची बाटली हातात होती, ओतली नाही. इतकं फिजिक्स शिल्लक आहे.

धूर थांबला. सहा-चौतीस. अजून सव्वीस मिनिटं होती. गाडीचे मूळचे दिवे शाबूत होते. पुढे निघाले.

पुढे जे होतं ते असं. उजेडाचे गोळे होते. प्रत्येक गोळ्याभोवती केसाळ कडं. गोळ्यांच्या मधल्या काळ्या भागाला रस्ता धरून चालले. पहिल्या गेअरमध्ये. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवोत. गाडीत फार शांत होतं. डावीकडे काय आहे ते कुणी सांगत नव्हतं.

साधारण दोनशे मीटर गेल्यावर अगदी पुढ्यात कुणीतरी बोललं. अहो बाई, बघा की जरा! ब्रेक दाबला. एक माणूस सायकल धरून उभा होता, त्याचा तळहात माझ्या बॉनेटवर. त्याला काही झालं नाही. सायकललाही नाही. मी उतरून दोन्ही तपासलं. तो म्हणाला, लांबून हात करत होतो, दिसलो नाही का?

तो बोलेपर्यंत तिथे नव्हता.

माझं म्हणणं अजूनही आहे की त्याने गडद शर्ट घालायला नको होता. पण मी गाडी पुन्हा सुरू केली नाही. जावयांना फोन केला. म्हटलं, तुम्ही जा. ते कारण न विचारता गेले. सहा-पंचावन्नला पोचले. पाच मिनिटं आधी.

हे टॅक्सी करून आले. गाडीशेजारी फुटपाथवर उभे राहिलो. पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

शनिवार, १८ ऑक्टोबर

गाडी ओढून बॅटरीवाल्याकडे. त्याने बेलची वायर दोन बोटांत धरून वर उचलली, मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तशी. म्हणाला, मॅडम, ह्या वायरीला पाचचा फ्यूजसुद्धा जास्त झाला असता. तुम्ही कितीचा टाकलात? म्हटलं, तुम्ही सांगितला तोच. पंधराचा, निळा.

त्याने फ्यूज उपटून काढला. म्हणाला, हा तीसचा आहे. हिरवा.

म्हटलं, निळा. तो म्हणाला, हिरवा. म्हटलं, मग कारखान्यात रंग चुकला. त्याने ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, किंचित हिरवट आहे. अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याविरुद्ध दिलेली ही पहिली साक्ष, आणि तीही किंचित.

मग बॅटरीवाल्याने डबीतून आणखी एक फ्यूज काढला, दोन्ही शेजारी शेजारी तळहातावर ठेवले आणि हात दारातल्या उजेडात नेला. म्हणाला, यातला निळा उचला.

दोन्ही निळे होते.

मी बराच वेळ बघितलं. तो घाई करत नव्हता, हे सगळ्यात वाईट. शेवटी डावीकडचा उचलला. तो उगाच कपड्याने हात पुसत बसला.

मग त्याने विचारलं, मागच्या सीटवर कुणी होतं का?

म्हटलं, नाही. परत येताना असणार होतं.

नोंद: फ्यूज निळाच होता. माझ्या डोळ्यांना निळा होता, आणि मी तो दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी बसवलेला नाही. पण किल्ली मी संध्याकाळी स्वतः नेऊन दिली. जावई म्हणाले, राहू दे आई, घाई काय आहे. म्हटलं, अट म्हणजे अट. घ्या.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

डोळ्यांचे डॉक्टर. आत जाताच विचारलं, ह्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, प्रमाणपत्र कुठे आहे. मिळालं. तारीख चालू वर्षाची. हे वाचून दाखवत होते म्हणून कळलं.

तक्ता दाखवला. वरच्या चार ओळी मी धडाधड वाचल्या. डॉक्टर खूश. पाचवी वाचताना त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ह्यांना म्हणाले, काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?

हे बाहेर गेल्यावर फक्त पहिली ओळ वाचली.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावीकडे जास्त. दिव्यांभोवती कडी दिसतात का, विचारलं. निळ्या-हिरव्याची गल्लत होते का. कधीपासून. म्हटलं, वर्षभरापासून हेडलाइट मंद आहेत. त्यांनी कागदावर लिहिलं: एक वर्ष. माझं वाक्य मी दिलं तसं लिहायला हवं होतं.

ऑपरेशनची तारीख २० नोव्हेंबर दिली. म्हटलं, विचार करून कळवते. वर्षभर जी गोष्ट मला कळलीच नाही, ती महिनाभरात कुठे पळून जाणार नाही. आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत, मग तिसऱ्यांचं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

क्लासला जावयांबरोबर गेले. त्यांच्या वेळेवर लक्ष ठेवायला. सहा-बावन्नला पोचलो. तेही माझ्यामुळे.

पुढे बसायला जागा होती, पण मागे बसले, नातीशेजारी. तिच्याकडे तोंड करून. गाडीतला दिवा लावायला सांगितला, टॉवेलने तिचे केस पुसले. कानामागचे कुणी पुसत नाही. पोर अखंड बोलत होती. मास्तर आज घसरून पाण्यात पडले, हे सांगताना खो खो हसली, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. तेव्हा बघितलं, वरच्या दातांत समोरच खिडकी.

म्हटलं, अगं, हा दात कधी पडला?

ती हसायची थांबली. म्हणाली, आजी, तो ऑगस्टमध्येच पडला. तुझ्याच गाडीत पडला. मी तुला हातावर ठेवून दाखवला होता, आणि तू म्हणालीस, छान आहे. आता तर नवा अर्धा आलाय, हे बघ.

आणि तोंड उघडून दाखवला.

मी बघितलं. म्हटलं, छान आहे.

घरी येऊन डॉक्टरांकडे फोन लावला. वीस तारखेच्या आधीची मिळत असेल तर बघा म्हटलं.